दोष वस्तूत की मांडणीत?

एका संगणकाला दोन पडदे जोडून काम करण्याची पद्धत आता छापखाने, लेखापालांच्या पेढ्या आणि वकिलांच्या कचेऱ्या यांत इतकी रूढ झाली आहे की, एका पडद्यावर मूळ दस्तऐवज आणि दुसऱ्यावर स्वतःचा मसुदा अशी वाटणी केल्यावाचून ज्यांचे पानही हलत नाही अशा माणसांची एक पिढीच तयार झाली आहे. आणि म्हणूनच त्या दोहोंपैकी एक पडदा मधूनच लुकलुकू लागला म्हणजे नुसती डोळ्यांना पीडा होऊन भागत नाही, तर कामाचा सारा क्रमच विस्कटतो. पडदा एकच असता तर तो बिघडला आहे किंवा नाही, एवढाच प्रश्न उरला असता. दोन पडदे एकाच यंत्राच्या आश्रयाला आले की त्यांच्यामध्ये एक संबंध उत्पन्न होतो, आणि दोन्ही पडदे निर्दोष असूनही तो संबंध सदोष असू शकतो, ही गोष्ट आपल्या सहसा ध्यानात येत नाही.

या विषयावर रत्नागिरीतील माझ्या दोन स्नेह्यांमध्ये झालेला वाद मी जवळ बसून ऐकला आहे. दादासाहेबांची उभी हयात दिवाणी न्यायालयात वकिली करण्यात गेली. अण्णा दूरध्वनी खात्यातून अभियंता म्हणून निवृत्त झाले. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते, परंतु ते समप्रमाणात नव्हते असे माझे मत आहे, आणि ते मी लपवू इच्छीत नाही.

प्रकरण असे होते. दादासाहेबांच्या मेजावर डावीकडे नवा मॉनिटर होता, सेकंदाला १०० वेळा चित्र नव्याने रेखाटणारा. उजवीकडे कित्येक वर्षांचा जुना, ६० वेळा रेखाटणारा. दोन्ही एकाच ग्राफिक्स कार्डाला एचडीएमआय केबलने जोडलेले. नव्या पडद्यावर मधूनच आडव्या पट्ट्या लखलखून जात आणि निमिषार्धात चित्र पूर्ववत होई. दुकानदाराने मॉनिटर विनातक्रार बदलून दिला; बदलून आलेलाही पहिल्यासारखाच वागू लागला.

दादासाहेब : अण्णा, तत्त्वचर्चेला आता सवड नाही. उद्या दुपारपर्यंत एका दाव्यात कैफियत दाखल करायची आहे, आणि हा पडदा मला दोन परिच्छेद सलग वाचू देत नाही. मी केबल बदलतो, ड्रायव्हर नवा घालतो, आणि तेवढ्याने भागले नाही तर ग्राफिक्स कार्डही बदलतो. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय शाबीत व्हावा लागतो हे खरे. पण हा दिवाणी मामला समजा, येथे संभाव्यतेचे पारडे जिकडे झुकेल तिकडे हुकूमनामा. केबल स्वस्त, मिळण्यास सुलभ, आणि बहुतेकांच्या अनुभवाने दोषी. तिच्यापासून आरंभ करण्यात वावगे काय?

अण्णा : केबलपासून आरंभ करण्यात काहीच वावगे नाही, केबल बदलण्यापासून आरंभ करण्यात आहे. केबल बदलली म्हणजे आपण एकच गोष्ट बदलली असे तुम्हांला वाटते, पण त्या एका कृतीत अनेक घटना दडलेल्या असतात. खोबणीत सैल झालेला जोड पुन्हा घट्ट बसतो, त्याच्या स्पर्शबिंदूंवर चढलेला थर खरवडला जातो, आणि मॉनिटर व कार्ड यांची नव्याने ओळखपाळख होते. म्हणजे आपण किती आकाराचे चित्र आणि किती वेग स्वीकारू शकतो याचा जो निदान १२८ बाइटांचा दाखला मॉनिटरच्या पोटात नोंदलेला असतो, तो कार्ड पुन्हा एकदा वाचून घेते. यांपैकी कोणत्या घटनेने गुण आला हे तुम्हांला कळत नाही, श्रेय मात्र नव्या केबलच्या नावे खतावले जाते. आणि पंधरवड्याने तीच तक्रार परत आली की तुम्ही नव्या केबलवरही संशय घेऊ लागता.

दादासाहेब : पंधरवडा सुखाचा गेला तर ते का थोडे झाले?

अण्णा : तुमचा एक मॉनिटर आताच बदलून झाला आहे, हे विसरू नका. त्याने किती सुख दिले?

यावर दादासाहेब क्षणभर निरुत्तर झाले, आणि अण्णांनी त्या संधीचा फायदा घेऊन मॉनिटरच्या खालच्या कडेची कळ दाबली. उजेड, रंग वगैरेंची जुळवणी करण्याची जी यादी अशा वेळी पडद्यावर उमटते, ती संगणकाने पाठवलेली नसते. मॉनिटरचेच अंतर्गत मंडल ती रेखाटते आणि बाहेरून आलेल्या चित्रावर पसरून ठेवते. यादीसकट सारा पडदा लुकलुकला तर दोष घरातलाच, म्हणजे मागच्या दिव्यांत, वीजपुरवठ्याच्या मंडलात किंवा काचेच्या फलकात असण्याचा संभव. यादी स्थिर राहून तिच्यामागचे चित्र तेवढे थरथरले तर दोष बाहेरून येत आहे. पैशाचा खर्च नाही, हत्यारांची गरज नाही, आणि तरीही अर्धे आरोपी एका दमात सुटतात, अशी ही कसोटी मॉनिटर बदलायला निघालेल्या प्रत्येकाने आधी करून पाहावी असे मला मनापासून वाटते. दादासाहेबांच्या पडद्यावर यादी निश्चल राहिली. दुकानदाराकडे गेलेला पहिला मॉनिटर बहुधा निरपराध होता.

दादासाहेब : मान्य. मॉनिटर सुटला. पण म्हणूनच केबलवरचा संशय दुणावतो. बाहेरून जे येते ते तिच्याच मार्गाने येते.

अण्णा : तिच्या मार्गाने येते, पण निघते कोठून? तारेच्या अलीकडे कार्ड आहे, कार्डाला चालवणारा ड्रायव्हर आहे, त्याच्याही अलीकडे तुम्ही उघडून ठेवलेले कार्यक्रम आहेत. आधी टास्क मॅनेजरची खिडकी उघडा. बाकी सारे लुकलुकत असता ती खिडकी तेवढी शांत राहिली, तर एखाद्या कार्यक्रमाची आणि विंडोजची जुळत नाही असे समजावे. तीही सर्वांबरोबर लुकलुकली तर ड्रायव्हरच्या बाजूला वळावे.

ती खिडकीही लुकलुकली.

दादासाहेब : झाले तर मग! ड्रायव्हर अद्ययावत करा आणि मला मोकळे करा.

अण्णा : आताच केला तर लक्षणे बुजतील आणि कारण तसेच राहील. मला आणखी दोन गोष्टी पाहू द्या. पहिली, दोन्ही केबलांची परस्परांत अदलाबदल. दुसरी, एकेक मॉनिटर काढून ठेवून दुसऱ्याला एकटा चालवणे. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर पुरेशी प्रतीक्षा.

प्रतीक्षेचा हा आग्रह मला विशेष मोलाचा वाटतो, कारण अधूनमधून प्रकट होणाऱ्या दोषाच्या बाबतीत माणसाची सर्वांत मोठी फसगत येथेच होते: दोष दर दहा मिनिटांनी येत असेल, आणि आपण काही बदल करून दोन मिनिटे पडद्याकडे पाहून समाधान मानले, तर ते समाधान कशाचाच पुरावा होत नाही. दादासाहेबांना ही दिरंगाई असह्य होत होती, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मलाही झाली असती. परंतु निष्पन्न जे झाले ते लक्षणीय होते. केबलांची अदलाबदल झाली तरी लुकलुक नव्या मॉनिटरवरच राहिली. जुना काढून ठेवला तेव्हा नवा पडदा पूर्ण १०० च्या वेगाने आरशासारखा स्थिर. नवा काढून ठेवला तेव्हा जुनाही स्थिर. दोन्ही एकत्र आले की लुकलुक हजर. शिवाय अण्णांच्या नजरेने आणखी एक गोष्ट हेरली: दादासाहेब एखादे पान शांतपणे वाचत असता काही होत नसे, वाचता वाचता त्यांनी पाने सरकवायला घेतली की त्या आरंभाच्या क्षणी एक लखलखाट, आणि हात थांबून थोडा अवधी गेला की आणखी एक.

दादासाहेब : म्हणजे दोन्ही साक्षीदार एकेकटे खरे बोलतात आणि एकत्र आले की खोटे? असे कसे होईल?

अण्णा : दोघेही खरेच बोलतात, त्यांचे बोलणे ज्याला एकाच वेळी सांभाळावे लागते त्याची कुचंबणा होते. नीट ऐका. ग्राफिक्स कार्डावर जी मेमरी असते तिच्यात दोन्ही पडद्यांची चित्रे साठवलेली असतात, आणि तेथूनच ती रांगेरांगेने बाहेर वाचली जातात. काम थोडे असले की वीज वाचावी म्हणून ड्रायव्हर त्या मेमरीची गती उतरवतो. तुम्ही पाने सरकवू लागलात की ती पुन्हा चढवतो. गती बदलण्याच्या त्या सूक्ष्म क्षणात मेमरीतून वाचन धड होत नाही. मग हा बदल करायचा केव्हा? तर पडद्याचे एक चित्र पुरे होऊन दुसरे सुरू होण्यापूर्वी जी विश्रांती असते तिच्यात. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर दिसणाऱ्या रांगा १०८०, परंतु प्रचलित मोजमापात एका चित्रामागे एकूण रांगा धरतात ११२५. मधल्या ४५ रांगांचा काळ रिकामा असतो, तो ६० च्या वेगाला सेकंदाच्या सुमारे दीडहजाराव्या भागाएवढा भरतो. तेवढ्यात गती बदलून घ्यावी, कोणाला पत्ता लागत नाही.

दादासाहेब : एका पडद्याच्या बाबतीत हे समजले.

अण्णा : दोन्ही पडदे एकाच वेगाचे आणि एकाच मापाचे असले तर त्यांच्या विश्रांती एकाच क्षणी आणता येतात. पण एक ६० चा आणि एक १०० चा असला म्हणजे एकाची विश्रांती चालू असता दुसऱ्याचे रेखाटन भर रंगात असते. म्हणून कित्येक ड्रायव्हर असे विजोड पडदे दिसले की मेमरीची गती कधी उतरवतच नाहीत. वीज थोडी अधिक जाते, कार्ड कोमट राहते, पण चित्र अभंग राहते. तुमचा ड्रायव्हर गती उतरवतो आणि चढवतो असा माझा तर्क आहे. पाने सरकवण्याच्या आरंभी आणि शेवटी जो लखलखाट होतो, तो नेमका हाच क्षण.

अण्णांनी नव्या मॉनिटरचा वेग १०० वरून ६० वर आणला. लुकलुक थांबली, पाने सरकवून, थांबवून, पुन्हा सरकवून सर्वांनी खात्री केली. वाद येथे संपायला हवा होता. परंतु दादासाहेबांनी या ठिकाणी जो आक्षेप घेतला तो मुरलेल्या वकिलाचाच होता.

दादासाहेब : तुमची उलटतपासणी करतो, अण्णा. एका वेळी एकच बदल, असे तुम्ही मला बजावलेत. वेग उतरवताना तुम्ही मेमरीचा प्रश्न सोडवलात. पण त्याच कृतीने केबलवरचा भारही हलका केलात की नाही? १०० चित्रांऐवजी ६० च चित्रे तिच्यातून जाऊ लागली. मग केबल अशक्त होती, ओझे उतरले म्हणून ती सावरली, असे मी म्हटले तर?

अण्णा : आक्षेप रास्त आहे. ६० च्या वेगाला या चित्रासाठी केबलमधील तीनपैकी प्रत्येक वाहिनीतून सेकंदाला १४८ कोटी ५० लाख बिटे वाहतात, आणि एकेक बिट तारेत वीतभराहूनही कमी जागा व्यापते. १०० ला हा ओघ सव्वादोनशे कोटींच्या वर जातो. अशक्त केबल जेथे १०० ला ढळते तेथे ६० ला तग धरते, हे रोज घडते. म्हणून नुसता वेग उतरवून बरे वाटले एवढ्यावरून मी निर्णय दिला असता तर तुम्ही तो अपिलात फिरवला असता. पण केबलांची अदलाबदल झाली होती, आणि एकट्या मॉनिटरवर, अदलाबदलीच्या आधीही आणि नंतरही, पूर्ण १०० च्या वेगाने चित्र स्थिर होते. ओझे तेच, केबल तीच, सोबती तेवढा गैरहजर. शिवाय अशक्त केबल ढळते तेव्हा चित्रात पांढरे ठिपके चमचमतात किंवा सारा पडदा दोन-तीन सेकंद काळा पडतो. आणि तुम्ही वाचता आहात की पाने सरकवता आहात याची ती विचारपूस करीत नाही.

दादासाहेब : ठीक. पण मी दाम मोजले १०० चे, आणि तुम्ही माझ्या पदरात ६० टाकलेत. याला इन्साफ म्हणायचे?

अण्णा : तुम्हांला काळी अक्षरे वाचायची आहेत, खेळ खेळायचा नाही. जुन्या काचनळीच्या पडद्यावर प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझत असे, म्हणून तेथे ६० चा वेग डोळ्यांना टोचे. आजच्या पडद्यावरचा ठिपका पुढचे चित्र येईपर्यंत आपला रंग धरून असतो. ६० ला याही पडद्यावर सरकणारी अक्षरे किंचित पुसट दिसतील, स्थिर अक्षरे नाहीत. आणि १०० च हवे असतील, तर आता खुशाल ड्रायव्हर नवा घाला. कदाचित नव्या आवृत्तीत मेमरीची गती आवरून धरलेली असेल. आता ती कसोटी होईल. आधी केली असती तर तो नुसता सट्टा होता.

येथे मला स्वतःचे थोडे सांगायचे आहे. दोन पडद्यांवर काम करणारा माणूस एकाकडे समोरून पाहतो आणि दुसऱ्याला बहुतेक वेळ डोळ्याच्या कोपऱ्यातच ठेवतो. आणि मनुष्याच्या दृष्टीची रचना अशी आहे की, बारीक अक्षर तिला मध्यभागीच उत्तम दिसत असले, तरी चमकणे-विझणे मात्र कडेच्या भागाला अधिक चटकन जाणवते. ज्या थरथरीकडे रोखून पाहिले असता ती नाहीशी झाली असे वाटते, तीच नजर वळवली की कानशिलाजवळ सतावू लागते. अशी तक्रार घेऊन येणाऱ्याला भ्रम झाला आहे असे म्हणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते अन्याय करतात. कित्येक मॉनिटर उजेड मंद करण्यासाठी मागचे दिवे अतिशीघ्र उघडझाप करून चालवतात. काळोख्या खोलीत पडद्यापुढे पेन्सिल जलद हलवली असता तिच्या सलग छायेऐवजी तुटक आकृत्या दिसल्या, तर ती उघडझाप खरी आहे असे समजावे आणि उजेड वाढवून पाहावे. तेथे केबल, कार्ड, ड्रायव्हर यांपैकी कोणालाही दोष नसतो.

दादासाहेबांची कैफियत वेळेवर दाखल झाली. चार-सहा दिवसांनी मात्र निराळीच तक्रार उद्भवली: तोच नवा पडदा आता पुरता काळा पडू लागला, आणि दोन-अडीच सेकंदांनी आपोआप उजळू लागला. अण्णा आले. प्रथम त्यांनी खुर्चीवर संशय घेतला, कारण वायूच्या नळकांड्यावर खालीवर होणाऱ्या खुर्च्यांवरून माणूस उठला-बसला असता जी क्षणिक विद्युत्चुंबकीय बाधा निर्माण होते तिने केबलमधील संकेत तुटून पडदा काळा पडतो, हे चमत्कारिक वाटले तरी सिद्ध झालेले आहे. परंतु दादासाहेब कितीही वेळा उठले-बसले तरी काही झाले नाही. दोन्ही मॉनिटर अर्थिंग असलेल्या एकाच बोर्डावर घेतले, त्यानेही फरक पडला नाही. अखेर जोडाजवळ केबल हलकेच दाबताच पडदा काळा पडला.

दादासाहेब : पाहिलेत? आणि ही केबल कोणती, ठाऊक आहे? जुन्या मॉनिटरची. वर्षानुवर्षे आपल्या जागी बिनबोभाट पडून होती. तुम्ही अदलाबदलीसाठी उपसलीत आणि तेव्हापासून हा काळोख सुरू झाला. तुमची तपासणी फुकट होते असे तुम्ही म्हणता, पण या समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत गंजलेला जोड निवांत राहिला तरच टिकतो. त्याला हात लावला हीच मोडतोड.

अण्णा : हे मला नाकारता येत नाही. तपासणीलाही किंमत असते, आणि जुन्या जोडांच्या बाबतीत ती थोडी नसते. तरी दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: लुकलुक वेगळी होती आणि ती पुन्हा आलेली नाही, हा काळोख वेगळा आहे.

दादासाहेबांनी गडी बाजारात धाडून नवी केबल आणवली, जुनी काढून नवी बसवली, आणि पडदा स्थिर झाला. लुकलुकीच्या वेळी हीच कृती आंधळी ठरली असती. या वेळी ती अचूक ठरली, आणि जोड दाबून पाहण्याची एक कसोटी तिच्यामागे होती हेही तितकेच खरे. अण्णांचे समाधान मात्र झाले नव्हते.

अण्णा : आता जुनी केबल एकदा परत लावा. काळोख परत आला तर दोष केबलचा. न आला तर मॉनिटरच्या खोबणीत थर चढला होता, आणि नवी केबल घालताना तो नुसता खरवडला गेला.

दादासाहेब : मुळीच नाही. चाललेले बंद पाडून त्याचे कारण शोधणे मला परवडणार नाही. उद्या साक्षीपुरावा आहे.

अण्णा : मग ती केबल मला द्या. घरी माझ्या मॉनिटरला लावून पाहतो. तेथेही दाबल्यावर काळोख झाला तर प्रकरण मिटले.

दादासाहेब : आणि नाही झाला तर?

अण्णा : तर तुमच्या मॉनिटरला एचडीएमआयची दुसरी खोबण आहे, अजून कोरी. काळोख पुन्हा दिसला की केबल तिच्यात लावा. आताच लावलीत तर आणखी उत्तम.

दादासाहेबांनी केबल गुंडाळून अण्णांच्या हाती दिली. दुसऱ्या खोबणीचा विचार मात्र त्यांनी साक्षीपुरावा आटोपेपर्यंत तहकूब ठेवला.